एकाच दगडाचा हट्ट : इजिप्तचे ओबेलिस्क कसे घडले, कसे उभे राहिले आणि कशासाठी होते

नीलतीर

दक्षिण इजिप्तमधील अस्वानच्या ग्रॅनाइटच्या खाणीत एक ओबेलिस्क, म्हणजे चौकोनी, वर निमुळता होत जाणारा आणि टोकाला लहान पिरॅमिड असलेला उंच खांब, सुमारे साडेतीन हजार वर्षे जागच्या जागी आडवा आहे. त्याची वरची बाजू आणि दोन्ही कडा खडकातून मोकळ्या झालेल्या आहेत, पण पाठ अजून मूळ खडकालाच चिकटलेली आहे. लांबी जवळजवळ ४२ मीटर आणि वजन सुमारे ११०० टन. तो पूर्ण झाला असता तर आपल्याला ठाऊक असलेला इजिप्तचा सर्वांत मोठा ओबेलिस्क ठरला असता. काम बरेच पुढे गेल्यावर दगडात भेगा निघाल्या. कारागिरांनी तो लगेच सोडला नाही. भेग टाळून त्याच दगडातून लहान ओबेलिस्क निघेल का, हे पाहण्यासाठी त्यांनी नव्या आखणीच्या रेघा मारलेल्या आहेत. तेही जमेना, तेव्हा काम थांबले. हा दगड बहुतेक अभ्यासक हातशेपसुत या राणीच्या काळातला, म्हणजे इसवी सनपूर्व पंधराव्या शतकातला मानतात.

या धाग्यात मला एकच मुद्दा मांडायचा आहे आणि तो या भेगेपासून सुरू होतो. ज्यांनी गिझाचे पिरॅमिड लाखो चिरे रचून उभे केले, त्यांना दोन-तीन तुकडे जोडून उंच खांब करणे अवघड नव्हते. किंबहुना पाचव्या राजवंशातील न्युसेरे या राजाने अबू गुराब येथील सूर्यमंदिरात ओबेलिस्कच्या आकाराची बुटकी, रुंद वास्तू चिरेबंदीच बांधली होती. पुढच्या काळातल्या ओबेलिस्कला मात्र सांधा चालत नव्हता. तो एकाश्मच हवा, हा हट्ट एकदा लक्षात घेतला की खाणीतली कष्टाची पद्धत, नाईलच्या पुराची वाट पाहणे, वाळूचा वापर आणि राजांच्या लेखांतला अभिमान, या सगळ्यांचा उलगडा होतो.

आजच्या लक्सर शहरातल्या कर्नाकच्या मंदिरात हातशेपसुतचा एक ओबेलिस्क आजही उभा आहे. उंची सुमारे साडेएकोणतीस मीटर, वजन ३२० टनांच्या आसपास. त्याच्या बैठकीवरच्या लेखात राणी सांगते की हा आणि त्याच्या जोडीचा दुसरा असे दोन्ही ओबेलिस्क कठीण ग्रॅनाइटच्या अखंड दगडाचे असून त्यांना कोठेही जोड नाही, आणि खाणीतले काम आपल्या कारकिर्दीच्या पंधराव्या वर्षी सुरू होऊन सोळाव्या वर्षी, म्हणजे सात महिन्यांत पुरे झाले. पुढे ती देवाची शपथ घेऊन असेही म्हणते की हे ऐकणाऱ्याने याला बढाई समजू नये. जोड नसल्याची गोष्ट शपथेवर सांगावीशी वाटणे मला फार बोलके वाटते. ज्या काळी तो लेख कोरला गेला, त्या काळी ती गोष्ट ऐकणाऱ्यालाही सहज पटण्यासारखी नसावी.

नावाविषयीही दोन वाक्ये लिहितो. इजिप्तच्या प्राचीन भाषेत त्याला ‘तेखेन’ म्हणत. ‘ओबेलिस्क’ हा शब्द ग्रीकांचा, आणि त्याचा मूळ अर्थ मांस भाजायची लहान सळई असा आहे. परक्या देशातल्या भव्य वस्तूला घरगुती नाव देऊन तिची थोडी थट्टा करण्याची खोड जुनीच म्हणायची. अरबीत त्याला ‘मिसल्ला’ म्हणतात. त्याचा शब्दकोशातला अर्थ मोठी सुई असा दिलेला असतो, पण आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे : दाभण.

छिन्नी-हातोडा

लेख आवडला, पण मूळ प्रश्नाला तुम्ही हात घातलेला नाही. माझ्या आजोळी दगडाच्या खाणीचा धंदा होता, त्यामुळे दगड फोडताना लहानपणापासून पाहिलेला आहे. आपला काळा दगडही पोलादी छिन्नीचे तोंड पाहता पाहता बोथट करतो. ग्रॅनाइट त्यालाही दाद न देणारा. त्या काळी इजिप्तमध्ये लोखंडाची हत्यारे नव्हती. तांबे आणि कासे एवढेच होते. तांब्याच्या छिन्नीने ग्रॅनाइट कोरला असे कोणी सांगितले तर माझ्या मामांनी त्याला खाणीतून हाकलून दिले असते. शाळेत आम्ही असे शिकलो होतो की खडकात ओळीने भोके पाडून त्यांत लाकडाच्या पाचरी ठोकत, त्यांवर पाणी ओतत आणि लाकूड फुगले की दगड तडकत असे. पाचरीची पद्धत मला ओळखीची असल्याने मी ती इतकी वर्षे खरी मानत आलो. ती खरी आहे का?

नीलतीर

तुमच्या मामांशी मी पूर्ण सहमत आहे. पाचरीच्या भोकांच्या रांगा अस्वानला दिसतात, पण त्या बऱ्याच नंतरच्या, लोखंडी हत्यारे आल्यानंतरच्या आहेत. शिवाय पाचरीने दगड कोणत्या रेषेत तडकेल याची खात्री देता येत नाही. चिरे काढायचे असतील तर दहांतला एक तिरका गेला तरी चालते. चाळीस मीटर लांबीच्या एकाच दगडाच्या बाबतीत हा जुगार कोण खेळेल?

त्यांनी दगड फोडला नाही, तो कुटून त्याचा भुगा केला. डोलेराइट नावाचा ग्रॅनाइटहून चिवट दगड इजिप्तच्या पूर्वेकडील वाळवंटात मिळतो. त्याचे सरासरी पाच किलोच्या आसपास वजनाचे गोटे दोन्ही हातांत धरून खडकावर आपटत राहायचे, पडलेला भुगा झाडून काढायचा आणि पुन्हा आपटायचे. असे गोटे त्या खाणीत ढिगांनी सापडले आहेत. १९२१-२२च्या सुमारास रेजिनाल्ड एंगेलबाख या इंग्रज अभियंत्याने ही खाण साफ करून तिचा तपशीलवार अभ्यास केला. त्याने स्वतः एक तासभर गोटा आपटून पाहिला, तेव्हा पृष्ठभाग सुमारे पाच मिलिमीटर खाली गेला. आकडा ऐकायला हास्यास्पद वाटतो. पण शंभराहून अधिक माणसे ओळीने बसली आणि पाळ्या न चुकवता महिनोन्‌महिने आपटत राहिली, तर ओबेलिस्कच्या दोन्ही अंगांचे चर खोदून होतात, हे त्याने हिशेबाने दाखवले. हातशेपसुतने सांगितलेल्या सात महिन्यांवर विश्वास बसतो तो यामुळे.

ते चर आजही पाहता येतात. रुंदी जेमतेम पाऊण मीटर, म्हणजे एक माणूस उकिडवा बसेल इतकीच. चराच्या भिंतींवर लाल गेरूच्या उभ्या रेघा आहेत. कोणाचा वाटा कोठपर्यंत आणि काम किती खोल गेले, हे मुकादमाला त्यांवरून मोजता येत असे. तळ सपाट नसून त्यात शेजारी शेजारी उथळ खळगे आहेत, जणू ओळीने कढया मांडून ठेवल्या आहेत. प्रत्येक खळगा म्हणजे एका माणसाने बसल्या जागी आपटून आपटून केलेली पोकळी. काम सुरू करण्यापूर्वी खडकात आत भेगा आहेत का हे पाहण्यासाठी चाचणीचे खड्डेही घेतलेले आहेत. म्हणजे धोका त्यांना ठाऊक होता. तरीही अकराशे टनांच्या दगडाने त्यांना चकवले.

खालची बाजू सोडवण्याचे काम सर्वांत वाईट. चर पुरेसे खोल गेले की दोन्ही बाजूंनी आडवे कुटत पोटाखालचा दगड काढायचा आणि जसजशी पोकळी होईल तसतसे लाकडाचे ओंडके व दगड टेकू म्हणून सारायचे. त्यानंतरचे घासणे व गुळगुळीत करणे दगडाने आणि वाळूने होत असे. तांब्याची अवजारेही वाळूच्या जोडीने ग्रॅनाइट कापू शकतात, हे आधुनिक प्रयोगांतून दिसले आहे. तेथे कापते ती वाळू, तांबे तिला फक्त दाबून धरते.

दर्यावर्दी

खाणीतून दगड मोकळा झाला येथपर्यंत पटले. माझे आयुष्य मालवाहू पडावांवर गेले आहे, तेव्हा पुढचा टप्पा मी मांडतो, कारण या विषयावरच्या चर्चेत तो नेहमी एका वाक्यात उरकला जातो.

अस्वान दक्षिणेला, कर्नाक त्याच्या उत्तरेला नदीमार्गे दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. म्हणजे भरलेला पडाव प्रवाहाबरोबर जाणार आणि रिकामा पडाव उत्तरेच्या वाऱ्यावर शीड लावून परतणार. निसर्गाने इतकी सोय फार थोड्या नद्यांना दिली आहे. पुराच्या दिवसांत पाणी खाणीच्या आणि मंदिराच्या जवळ येते व नदीची खोलीही वाढते, त्यामुळे अशी वाहतूक पुराशी सांधलेली असणे स्वाभाविक आहे.

नावेविषयी पुरावा दोन ठिकाणी आहे. हातशेपसुतचे वडील राजा पहिला थुतमोस यांचा अधिकारी इनेनी आपल्या थडग्यातल्या लेखात नोंदवतो की ओबेलिस्कच्या जोडीसाठी त्याने १२० हात लांब आणि ४० हात रुंद नाव बांधवून घेतली. इजिप्तचा राजहात साधारण साडेबावन्न सेंटिमीटरचा, म्हणजे ही नाव सुमारे ६३ मीटर लांब आणि २१ मीटर रुंद झाली. रुंदीला लांबी एकास तीन, हे प्रमाण पाहून मी चमकलो नाही. वेग नको असेल आणि भार जड असेल तर रुंदच बांधावे लागते. दुसरा पुरावा देर अल-बहारी येथील हातशेपसुतच्या मंदिरातल्या शिल्पपटाचा : एका प्रचंड नावेवर दोन ओबेलिस्क बुडाशी बूड लावून एका रेषेत ठेवलेले आणि पुढे ती ओढणाऱ्या वल्ह्यांच्या नावांच्या तीन रांगा. दोन्ही एका रेषेत खरोखर ठेवले होते की चित्रकाराने दोन्ही दिसावेत म्हणून तसे दाखवले, यावर अभ्यासकांत वाद आहे. पडाव चालवणारा म्हणून मला ते शेजारी शेजारी ठेवलेले अधिक सयुक्तिक वाटतात, पण हे माझे मत.

चढवायचे कसे? प्लिनी या रोमन लेखकाने इजिप्तचा ग्रीक वंशाचा राजा दुसरा टॉलेमी याच्या काळची, म्हणजे या ओबेलिस्कांच्या हजाराहून अधिक वर्षांनंतरची, एक युक्ती लिहून ठेवली आहे. आडव्या ओबेलिस्कच्या खालून कालवा खणला, त्यामुळे ओबेलिस्क दोन्ही काठांवर पुलासारखा टेकला. मग दगडांनी ठासून भरलेल्या दोन नावा त्याखाली नेल्या आणि त्यांतले दगड काढून टाकले. भार उतरताच नावा वर उठल्या आणि त्यांनी ओबेलिस्क पाठीवर घेतला. हातशेपसुतच्या माणसांनीही असेच केले असे यातून सिद्ध होत नाही, पण नावेत बसून हाडे झिजवलेल्या कोणालाही ही युक्ती वाचून आनंद होईल.

जमिनीवर मात्र लाकडी घसरगाडी आणि दोर एवढेच. जेहुतिहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात एक अवाढव्य पुतळा १७२ माणसे ओढत असल्याचे चित्र आहे आणि घसरगाडीच्या पुढ्यात उभा राहून एक जण वाळूवर पाणी ओतत आहे. पूर्वी याला धार्मिक विधी समजत. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवले की योग्य प्रमाणात ओली केलेली वाळू घसरगाडीपुढे ढिगारून येत नाही आणि ओढण्याला लागणारे बळ जवळजवळ निम्म्यावर येते. समुद्रकाठच्या ओल्या वाळूवरून होडी ओढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

सावली

ओबेलिस्क म्हणजे सूर्यघड्याळाचा काटा, असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. सावलीवरून वेळ पाहण्यासाठीच ते उभारले जात असत ना?

नीलतीर

तो वापर रोमनांचा. ऑगस्टस या सम्राटाने इजिप्तचा राजा दुसरा सामतिक याचा ओबेलिस्क हेलिओपोलिसहून रोमला नेला आणि इसवी सनपूर्व १०च्या सुमारास तो सावलीच्या काट्यासारखा उभारला. तो आज मॉन्तेचितोरिओच्या चौकात आहे. त्यावरून मागे जाऊन सगळेच ओबेलिस्क घड्याळे होती असे म्हणणे म्हणजे कोणी दीपमाळेला दोरी बांधून कपडे वाळत घातले म्हणून दीपमाळा त्यासाठीच बांधत असे म्हणण्यासारखे आहे. इजिप्तमध्ये सावलीवरून वेळ मोजणारी लहान उपकरणे वेगळी होती.

मूळ हेतू सूर्यपूजेचा. आजच्या कैरो शहरातल्या मतारिया भागात प्राचीन हेलिओपोलिस होते. तेथल्या ‘बेनबेन’ या पवित्र दगडाशी सृष्टीच्या आरंभीच्या उंचवट्याची आणि सूर्याच्या पहिल्या किरणांची कल्पना जोडलेली होती. ओबेलिस्कच्या टोकावरचा लहान पिरॅमिड हा त्या बेनबेनचा आकार, आणि खालचा उंच खांब त्याला शक्य तितका वर, सूर्याच्या जवळ नेण्यासाठी. मतारियातच राजा पहिला सेनुस्रेत याचा ओबेलिस्क इसवी सनपूर्व विसाव्या शतकापासून मूळ जागी उभा आहे. उंची सुमारे २१ मीटर. आपल्या मूळ जागी अजून उभ्या असलेल्या ओबेलिस्कांत तो सर्वांत जुना आहे.

नव्या राज्याच्या काळात, म्हणजे हातशेपसुतच्याच युगात, ते बहुधा जोडीने, देवळाच्या महाद्वाराच्या दोन्ही अंगांना उभारले जात. टोकाला किंवा वरच्या भागाला सोन्याचा अथवा सोने-चांदीच्या नैसर्गिक मिश्रधातूचा पत्रा मढवत. हातशेपसुत म्हणते की हा धातू तिने धान्य मापावे तसा मापून दिला. उगवतीचे ऊन त्यावर पडले की नदीच्या पलीकडूनही ते टोक चमकताना दिसत असणार. चारही अंगांवर उभ्या ओळींत राजाची नावे, देवाशी त्याचे नाते आणि उभारणीचे निमित्त कोरलेले असे. बऱ्याचदा ते राजाच्या ‘सेद’ या राज्यारोहणाच्या वर्धापन-उत्सवाच्या निमित्ताने असे. आणि ओबेलिस्क ही नुसती शोभेची वस्तू नव्हती : हातशेपसुतनंतरचा राजा तिसरा थुतमोस याने कर्नाकच्या ओबेलिस्कांसाठी भाकरी आणि बिअरचा नैवेद्य लावून दिला होता. ज्याला नैवेद्य दाखवतात, तो दगड लोकांच्या लेखी दगड राहिलेला नसतो, हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही.

त्रैराशिक

सगळ्यांत अवघड भाग अजून कोणी काढलेला नाही, तो मी काढतो. तीनशे टनांचा दगड आडवा ओढणे हा माणसांच्या संख्येचा प्रश्न आहे. तो उभा करणे हा तसा प्रश्न नाही, कारण दोर ओढणारी माणसे कितीही वाढवली तरी दगड सुरुवातीला जमिनीलगत असताना ओढीचा कोन इतका वाईट असतो की बळ वायाच जाते. कप्पी त्या काळी इजिप्तमध्ये नव्हती. या कृतीचे एकही चित्र त्यांनी मागे ठेवलेले नाही.

सुगावा मिळतो तो एका खोचक पत्रात. एकोणिसाव्या राजवंशाच्या काळातल्या, आज ‘अनास्तासी पपायरस एक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पत्रात एक लेखनिक दुसऱ्याला गणिते घालून त्याची फजिती करतो. ७३० हात लांब आणि ५५ हात रुंद उतार बांधायचा आहे, त्यात बोरू आणि तुळयांनी भरलेले १२० कप्पे आहेत, तर विटा किती लागतील? ११० हात लांबीचा ओबेलिस्क ओढायला माणसे किती? आणि तिसरे गणित माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे : राजाच्या स्मारकाखाली वाळूने भरलेले कोठार आहे, ते रिकामे करायचे आहे, तर किती माणसे लावशील?

वाळूचे कोठार स्मारकाखाली कशाला असेल? याचे सरळ उत्तर असे की ओबेलिस्क उताराच्या माथ्यावर बुडाकडून पुढे ओढत नेत, मधल्या खोल हौदात वाळू भरलेली असे, आणि तळाच्या वाटांनी वाळू काढत गेले की बूड हळूहळू खाली उतरून दगड तिरका होत जाई. बैठकीच्या दगडावर एका कडेलगत खाच कोरलेली आढळते. ओबेलिस्कच्या बुडाची कड त्या खाचेत अडकली की तो सरकू शकत नाही, आणि राहिलेला थोडा कोन दोरांनी ओढून पुरा करता येतो. एंगेलबाखने हीच कल्पना मांडली होती. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एका गटाने २५ टनांचा ओबेलिस्क वाळूच्या पद्धतीने उभा करून दाखवला. २५ टन म्हणजे ३२० टन नव्हेत, ही शंका कोणी घेईल, आणि ती रास्त आहे. पण वाळूचा गुण असा की भार वाढला म्हणून तिला जास्त माणसे लागत नाहीत. दगड आपल्याच वजनाने उतरतो आणि माणसांना फक्त वाळू उपसायची असते.

तुलनेसाठी पाहा. १५८६ मध्ये दोमेनिको फोंताना या वास्तुकाराने रोममधला सुमारे २५ मीटर उंचीचा ओबेलिस्क सेंट पीटरच्या चौकात हलवला, तेव्हा त्याच्याकडे लोखंड, कप्प्या, ४०हून अधिक उभे रहाट, घोडे आणि सुमारे ९०० माणसे होती, तरी ते काम युरोपभर नवल म्हणून गाजले. इस्तंबूलला इसवी सन ३९०मध्ये उभारलेल्या तिसऱ्या थुतमोसच्या ओबेलिस्कच्या बैठकीवर तर उभारणीला किती दिवस लागले तेही कोरले आहे : लॅटिन लेखात तीस, ग्रीक लेखात बत्तीस. एकाच दगडावर दोन कचेऱ्यांचे दोन आकडे!

घृष्णेश्वर

एकाश्म म्हटले की वेरूळचे कैलास आठवल्याशिवाय राहत नाही. एवढे मंदिर एका खडकातून काढणाऱ्यांपुढे ओबेलिस्कचे काय कौतुक, असा विचार मनात आला, तो प्रामाणिकपणे लिहितो.

छिन्नी-हातोडा

घृष्णेश्वर, कैलास कोरणाऱ्यांकडे लोखंडी छिन्नी होती आणि दगड बसाल्ट होता. पण खरा फरक असा की कैलास जागचे हलवायचे नव्हते. खडकात भेग निघाली तर तेथे खांब जाड ठेवता येतो, मूर्ती थोडी सरकवता येते. ओबेलिस्कमध्ये भेगेला लपायला जागाच नाही, आणि घडवून झाल्यावर नावेतून नेताना किंवा उभा करताना तो मधोमध स्वतःच्या वजनाने मोडण्याचा धोका वेगळाच. दोन्ही कामे मोठी. मात्र दोहोंतल्या चिंता निराळ्या.

नीलतीर

छिन्नी-हातोडा यांनी माझे काम केले. त्याच मुद्द्याला धरून एक शेवटची नोंद करतो, कारण मूळ लेखात ती राहून गेली.

आज उभा असलेला सर्वांत उंच ओबेलिस्क रोममध्ये लॅटरनच्या चौकात आहे, उंची सुमारे ३२ मीटर. जोडीने उभारण्याच्या रिवाजाला तो अपवाद, कारण तिसऱ्या थुतमोसने तो मुळातच एकटा उभारण्यासाठी घडवून घेतला होता. राजा वारला आणि दगड कर्नाकच्या दक्षिण अंगाला आडवाच राहिला. ३५ वर्षांनी त्याचा नातू चौथा थुतमोस याने तो उभा केला आणि आजोबांच्या लेखाशेजारी स्वतःचा लेख कोरून या पस्तीस वर्षांची नोंदही करून ठेवली. पुढे रोमन सम्राट दुसरा कॉन्स्टँटियस याने इसवी सन ३५७मध्ये तो रोमच्या रथांच्या शर्यतीच्या मैदानात उभारला. केव्हातरी तो कोसळला आणि मातीखाली गेला. १५८७ मध्ये उकरून काढला तेव्हा त्याचे तीन तुकडे झालेले होते. पुढच्या वर्षी फोंतानाने ते जोडून उभे केले. ज्याला एकही सांधा चालत नव्हता त्या ओबेलिस्कला आता दोन सांधे आहेत, आणि टोकावर सूर्याच्या सोन्याऐवजी क्रूस आहे.